मिसळणाच्या डब्यातला कार्बोरेटर

घर हलवायचं ठरलं की मी खोलीवार याद्या करते. स्वयंपाकघर, कपाटं, कागदपत्रं, देव, गॅलरी. प्रत्येक कागदावर तीन रकाने: न्यायचं, द्यायचं, भंगार. नवऱ्याची नोकरी बँकेतली, दर तीन-चार वर्षांनी गाव बदलायचं, त्यामुळे ही पद्धत हाताला पक्की बसली. कोलकात्यात मात्र आम्ही आलो आणि राहिलोच. मुलगी इथल्या शाळेत गेली, मला बालीगंजमधल्या एका शाळेच्या कार्यालयात नोकरी लागली. पुढच्या बदलीची वेळ आली तेव्हा त्याने मुदतीआधीच निवृत्ती घेतली, कारण तोवर रक्तातल्या साखरेने त्याचे डोळे बरेच खाल्ले होते.

तो गेला त्यानंतरच्या हिवाळ्यात मी पुण्याला मुलीकडे जायचं ठरवलं. शाळेचं वर्ष संपलं की निघायचं. बाकीच्या याद्या एका बैठकीत झाल्या. गॅलरीच्या कागदावर मथळा लिहिला आणि पेन तिथेच थांबलं.

गॅलरीत त्याचं टेबल होतं. टेबलावर जुने टूथब्रश, स्प्रेचे डबे, सायकलचा पंप, स्क्रू-ड्रायव्हर, पेट्रोलचा वास मुरलेली फडकी. हे सगळं तिन्हीपैकी कुठल्या तरी रकान्यात घालता आलं असतं. पण जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेला मोटारसायकलचा एक उघडा कार्बोरेटर तिथे होता, आणि तो आमचा नव्हता. बराकपूरला राहणाऱ्या एका निवृत्त सुभेदारांचा होता. नवऱ्याने तो खोलला, धुतला, भाग सुटे करून ठेवले, आणि जोडायच्या आधीच तो आजारी पडला. इस्पितळातून परत आला नाही.

सुभेदार, म्हणजे आमचे दादा, भेटायला आले होते. फोटोसमोर हात जोडून उभे राहिले, चहा अर्धा टाकला. जाताना त्यांची नजर एकदा गॅलरीकडे गेली. कार्बोरेटरचं नाव त्यांनी काढलं नाही. नंतर फोन केला तोही माझ्या तब्येतीचा. त्यांची मोटारसायकल अंगणात ताडपत्रीखाली उभी आहे आणि ते ती दुसऱ्या कुणाकडे देणार नाहीत, हे मला माहीत होतं. मी ठरवलं की हा कार्बोरेटर नवरा जसा परत करायचा तसाच परत केल्याशिवाय कोलकाता सोडायचं नाही. यादीत हे लिहिलं नाही. कुठल्या रकान्यात लिहिणार?

कार्बोरेटर साफ करायचा हा उद्योग नवऱ्याला कॉलेजपासून होता. स्वतःची मोटारसायकल होती तोवर स्वतःची, मग ऑफिसातल्यांच्या. आता नव्या गाड्यांना कार्बोरेटर नसतोच, त्यामुळे जुन्या गाड्या जपणाऱ्या लोकांना घरी बसून निगुतीने साफ करणारा माणूस मिळत नाही. एकाने दुसऱ्याला सांगितलं आणि निवृत्तीनंतर आमच्या गॅलरीत बोहारणीसारखी ये-जा सुरू झाली. पिशवीतून कार्बोरेटर यायचा, पिशवीतून जायचा. पैसे घ्यायचा नाही. कुणी संदेश मिठाई आणायचं, कुणी खजुराचा नोलेन गूळ, आणि साखरेमुळे ते सगळं मी खायचे.

वरच्या मजल्यावरच्या काकू मला बौदी, म्हणजे वहिनी, म्हणत. त्या खिडकीतून ओरडायच्या, "बौदी, आज पुन्हा पेट्रोल! माझं डोकं दुखतं."

"सांग त्यांना," तो आतून म्हणायचा, "त्यांच्या हिल्सा माशाच्या वासाबद्दल आम्ही काही बोललो का कधी?"

मी हे अर्थातच सांगत नसे.

डोळे जसजसे गेले तसतसा माझा त्या टेबलाशी संबंध आला. आधी मी फक्त वर्तमानपत्र अंथरून द्यायचे आणि आत गॅस बंद आहे ना ते बघायचे. मग जेटचे आकडे वाचायला लागले. जेट म्हणजे पितळेचा छोटा तुकडा, मधून आरपार बारीक भोक. त्यातून पेट्रोल मोजून जातं आणि हवेत मिसळतं. भोक कचऱ्याने बुजलं की गाडी आचके देते. त्यात तार घालायची नाही, सुई तर नाहीच, भोक मोठं होतं. भिजवायचं, पंपाने हवा मारायची, आणि ट्यूबलाइटकडे धरून बघायचं. हे बघणं माझ्याकडे आलं. मी एक डोळा मिटून जेट दिव्यापुढे धरायचे.

"दिसतंय?"

"दिसतंय."

"कसं?"

"गोल आहे."

"चंद्रासारखं गोल की तुझ्या पोळीसारखं गोल?"

"पोळीसारखं म्हटलं तर जेवायला काय मिळेल ते बघ."

"म्हणजे चंद्रासारखं. चला, पुढचं."

भाग ठेवायची अडचण होती. छोटी पिन, त्याहून छोटी क्लिप, टेबलावरून घरंगळलं की त्याला सापडायचं नाही. मी चहाचे मातीचे कप धुऊन ठेवले होते, ते पुढे केले. त्याने नाकारले. मातीची भुकटी झडते, म्हणाला, जेटमध्ये जाईल. शेवटी त्यानेच माझ्या मागच्या एका यादीच्या 'द्यायचं' रकान्यातून सासूबाईंचा मिसळणाचा डबा उचलला. जुना स्टीलचा गोल डबा, आत सात वाट्या, झाकण सैल झालेलं. काठावर सासूबाईंचं नाव, भांडी विकत घेतली की दुकानात कोरून देत तसं, ठिपक्याठिपक्यांचं.

त्या नावामुळेच तो डबा उपयोगी पडला. नाव जिथे सुरू होतं तिथे तो अंगठा टेकवायचा आणि तिथून वाट्या मोजायचा. पहिली मोहरी, दुसरी जिरं, मग हळद, मेथी, अशा. सासूबाईंच्या हयातीत ज्या वाटीत जे असायचं तेच नाव. मोठा जेट मोहरीत, लहान जेट जिऱ्यात, फ्लोटची, म्हणजे पेट्रोलवर तरंगणाऱ्या डबीची, सुई हळदीत. लहानपणी आईच्या हाताशी बसून त्याने ती जागा पाठ केली होती, त्याला ती दिसायची गरज नव्हती. "जिऱ्यातलं दे," म्हटलं की मी द्यायचे. मला त्या भागांची खरी नावं पुष्कळ दिवस माहीतच नव्हती. एकदा मी सवयीने पेन-कागद घेऊन बसले, कुठल्या वाटीत काय, किती आकड्याचा जेट, स्क्रू किती फिरवलेला.

"इथे यादी नको," तो म्हणाला. "डबा हीच यादी. तू लिहायला लागलीस की माझ्या हाताचं लक्ष जातं."

"उद्या तुला आठवलं नाही तर?"

"मला नाही आठवलं तर डब्याला आठवेल."

सगळं जोडून झालं की गाडीचा मालक येऊन कार्बोरेटर न्यायचा, किंवा आम्ही दोघं जायचो. दादांकडे आम्हीच जायचो, कारण त्याला बराकपूर आवडायचं. बालीगंजहून लोकल धरून सियालदह, तिथून दुसरी लोकल. तो खिडकीशी बसून स्टेशनं कानाने ओळखायचा आणि मला सांगायचा. दादांच्या अंगणात कार्बोरेटर बसवला की शेवटचं काम असायचं इंजिनचा आवाज लावायचं. दादा किक मारायचे. मी उकिडवी बसून स्क्रू-ड्रायव्हर त्या छोट्या स्क्रूच्या खाचेत धरायचे, कारण त्याला खाच दिसत नव्हती. तो शेजारी स्टुलावर बसून ऐकायचा.

"थोडं उघड. अजून. नाही, मागे. अजून केसभर."

"केसभर म्हणजे किती?"

"तुझ्या केसाइतकं नको, फार होईल."

दादांना मराठी येत नव्हतं, पण ते हसायचे. मग कधीतरी त्याचा हात वर व्हायचा.

"बसलं," तो म्हणायचा. आणि लगेच, "बंद करा, दादा." बसलं की बंद, हा त्याचा नियम. जुळलेलं इंजिन उगाच ऐकत उभं राहणं म्हणजे पेट्रोल जाळणं. दादांनी तो एक शब्द उचलला होता. दुकानात, ट्रेनमध्ये, कुठेही काही नीट झालं की ते म्हणत, "बोशलं!"

तो गेल्यावर त्याची मोठी बहीण, ताई, नागपूरहून आली. अख्खी रात्र गाडीत बसून, गुडघे धरून. तिनेच घर सांभाळलं. कोण आलं, कुणाला काय दिलं, माझ्या हातात काय द्यायचं, सगळं तिने बघितलं. सुतकाच्या दिवसांत फोडणीचं काही नव्हतं, वरण-भात चालला होता. तेराव्याला गोडाधोडाचा स्वयंपाक व्हायचा, घरात पहिली फोडणी पडायची. आदल्या दुपारी मी बँकेच्या कामाला गेले होते. परत आले तर ओट्यावर मिसळणाचा डबा. आरशासारखा घासलेला, सातही वाट्या भरलेल्या. मोहरी, जिरं, हळद, मेथी.

मी पिशवी खांद्यावर तशीच घेऊन उभी राहिले.

"अगं, आईचा डबा," ताई म्हणाली. तिचे डोळे लाल होते. "तिकडे बाहेर, त्या काळ्या तेलात. वरती आईचं नाव, आणि आत काय तर लोखंड! त्याला काही वाटलं नाही का गं?"

"ताई, त्यात काही होतं..."

"ते मी टाकलं नाही हं. पिशवीत बांधून ठेवलंय, तिथेच टेबलावर. दोनदा गरम पाण्याने धुतला, तरी वास जाईना. शेवटी लिंबू लावलं." तिने पदराने काठ पुसला. "याच्यातली मोहरी घालून आई फोडणी करायची तेव्हा हा शेजारी उभा असायचा. हात भाजून घ्यायचा नेहमी."

आईच्या डब्यात लेकीने मसाले भरले होते, तेही ज्याच्या त्या वाटीत. तिलाही ती जागा पाठ होती. दुसऱ्या दिवशीची फोडणी त्याच डब्यातली पडली आणि मी ती आमटी खाल्ली.

ताई गेल्यावर मी मसाले बाटल्यांत काढले आणि डबा पुन्हा टेबलावर नेला. प्लास्टिकच्या पिशवीची गाठ सोडली. सगळे भाग एकत्र, एकमेकांवर आपटून आलेले. वर्तमानपत्रावर पसरले. तो ज्या क्रमाने मागायचा तो क्रम मनात म्हणत एकेक वाटीत घातला. नावाशी अंगठा टेकवला, तिथून मोजलं. मोहरी भरली. हळद भरली. मेथी भरली. जिऱ्याची वाटी रिकामी राहिली.

पिशवी उलटी केली. टेबलाखाली झाडलं, मोरीची जाळी काढून बघितली, ओट्याखालचा पाइप प्लंबरकडून उघडवला. ताईला फोन केला.

"पितळेचं? एवढंसं? नाही गं, मी सगळं पिशवीत घातलं. हरवलं का काही? महत्त्वाचं होतं?"

"नाही, असंच विचारलं. गुडघे कसे आहेत?"

लहान जेट नवा घ्यावा लागणार होता. एस्प्लनेडला मेट्रोतून उतरून मी सुट्या भागांच्या दुकानांच्या गल्लीत गेले. दोन दुकानांनी हात वर केले. तिसऱ्याने विचारलं, कुठला नंबर? मला सांगता आलं नाही. मी घरातल्या गहू-तांदळापासून विम्याच्या हप्त्यापर्यंत सगळं लिहून ठेवणारी बाई, आणि हा एक आकडा मी माझ्या डोळ्यांनी भिंग लावून वाचला होता, त्याला मोठ्याने सांगितला होता, आणि सोडून दिला होता. दुकानदाराने गाडी कुठली ते विचारलं आणि त्या गाडीला सगळे हाच नेतात म्हणून एक पुडी दिली.

घरी येऊन मी कामाला लागले. रविवार होता, वरच्या काकू घरी होत्या, मी आधीच जाऊन सांगून आले की आज वास येईल. त्या म्हणाल्या, "येऊ दे." मग दारातच माझा हात धरून म्हणाल्या, "बरेच दिवस आला नाही ना." मी पायऱ्या उतरले.

भाग पुन्हा धुतले. पंप पायाने दाबून हवा मारली. एकेक जेट ट्यूबलाइटकडे धरला. गोल होतं. कसं गोल ते विचारायला कुणी नव्हतं. जोडताना हात चुकले नाहीत, इतक्या वर्षांत ते काम हाताने कधी शिकून घेतलं ते मला कळलंही नव्हतं. फ्लोटची पिन एकदा खाली पडली तेव्हा मी सवयीने म्हणाले, "थांब, हलू नकोस, पायाखाली येईल." मग स्वतःच हलले आणि शोधली.

मुलीचा फोन आला तेव्हा माझे हात पेट्रोलचे होते, स्पीकरवर घेतला.

"आई, तू अजून ते करते आहे? मी तुला सांगितली ना, कुरिअर करून टाक. ते अंकल समजून घेतील." इथल्या शाळेत वाढल्याने तिचं मराठी असंच.

"अर्धा उघडा कार्बोरेटर कुरिअरने पाठवायचा?"

"मग बाबांसारखं तू पण आता?" ती हसायला लागली आणि मधेच हसणं बंद झालं. मग तिने विचारलं, "बनियन कोणता आहे? जो गुंडाळला आहे तो."

"तो राखाडी. बाहीला भोक असलेला."

"तो धुऊ नको," ती म्हणाली.

बराकपूरला मी सकाळच्या गाडीने गेले. डबा सोबत घेतला नव्हता, कार्बोरेटर पूर्ण जोडलेला होता. दादांनी ताडपत्री काढून गाडी पुसून ठेवली होती. टाकीत ताजं पेट्रोल होतं. स्टुलही आणून ठेवलं होतं, नेहमीच्या जागी, आणि मी ते बघते आहे हे बघून त्यांनी ते घाईने भिंतीकडे सरकवलं.

"राहू दे, दादा," मी हिंदीत म्हटलं. "मला बसायला लागेल."

पण मी बसले नाही. कार्बोरेटर बसवला, नळी जोडली, दादांनी किक मारली. तिसऱ्या-चौथ्या किकला इंजिन सुरू झालं. त्यांचा चेहरा उजळला. मी उकिडवी बसून स्क्रू-ड्रायव्हर खाचेत धरला आणि फिरवायला सुरुवात केली. थोडं उघडलं. अजून. मागे.

आणि मला काही कळेना. आवाज होता, मोठा, अंगणभर. तो चांगला की वाईट, वर चाललाय की खाली, मला सांगता येत नव्हतं. मी मान वर केली. उजवीकडे, स्टूल असायचं तिकडे. तेव्हा लक्षात आलं की इतकी वर्षं मी स्क्रू फिरवताना तिकडेच बघत होते. इंजिन मी कधी ऐकलंच नव्हतं. मी त्याचा चेहरा बघायचे. भुवया जवळ आल्या की अजून फिरवायचं, कपाळ सैल झालं की थांबायचं. त्याचा हात वर होण्याआधी मला कळलेलं असायचं, आणि मला वाटायचं की मला इंजिन कळतं.

दादा माझ्याकडे बघत होते. "बोशलं?" त्यांनी विचारलं.

मी पुन्हा खाली बघितलं. डोळे मिटले तर खाच सुटते, म्हणून उघडेच ठेवले, आणि ऐकायचा प्रयत्न केला. हळूहळू एक गोष्ट कानाला लागली. चार-पाच ठोके सरळ पडत होते आणि मग एक अडखळत होता. जिना चढताना एखादी पायरी चुकावी तसा. स्क्रू इकडे फिरवला, तिकडे फिरवला. ठोके जलद झाले, सावकाश झाले, ती एक पायरी चुकतच राहिली.

"खूप छान चालतंय, बौदी," दादा म्हणाले. "आता बास. तुम्ही दमलात."

"नाही बसलं, दादा."

"मला तर बरोबर वाटतंय."

"तुम्ही मला बरं वाटावं म्हणून म्हणता."

गाडीवर बसून ते नदीच्या रस्त्याने एक फेरी मारून आले. फाटकाशी येऊन वेग कमी केला तेव्हा इंजिन आचका देऊन बंद पडलं. त्यांनी पुन्हा किक मारली, माझ्याकडे बघून हसले, आणि म्हणाले की थंडीमुळे होतं असं. त्यांच्या सुनेने लुच्या, म्हणजे मैद्याच्या पुऱ्या, केल्या होत्या. मी खाल्ल्या, दोन बांधूनही घेतल्या. परतीच्या गाडीत खिडकीशी जागा मिळाली. स्टेशनं येत होती, जात होती, मी पाट्या वाचल्या नाहीत.

त्यानंतर मी गॅलरीची यादी पूर्ण केली. कार्बोरेटर परत गेला होता, आता थांबायचं कारण नव्हतं. टेबल वॉचमनला. पंप, ब्रश, स्प्रे भंगारात. डबा कुठे लिहावा ते ठरेना. शेवटी 'न्यायचं' मध्ये लिहिला. मनाला लावून घ्यायचं नाही असं मी ठरवलं होतं. मला त्याचा कान नाही, तर नाही. दादांची गाडी चालते आहे, फाटकाशी बंद पडते एवढंच. पण रोज सकाळी ती फाटकाशी बंद पडते, आणि दादा कुणाला काही न बोलता पुन्हा किक मारतात, हे मला बालीगंजमध्ये चहा पिताना ऐकू यायचं.

देव सगळ्यांत शेवटी बांधायचे, अशी आमच्याकडे पद्धत. वर्षभर घरात सण नव्हता. तो असताना रोजची पूजा तोच करायचा, हाताने चाचपून. त्याच्यानंतर मी फक्त संध्याकाळी समई लावायचे. निरांजन, पंचपाळं, फुलवातींचा डबा, काही उघडलं नव्हतं. सामानाचा ट्रक यायच्या आदल्या आठवड्यात मी जमिनीवर फडकं पसरून एकेक वस्तू कागदात गुंडाळायला घेतली. फुलवातींचा डबा जड नसतो, तो हलवल्यावर वाजायलाही नको. तो वाजला.

कापसाच्या वातींमध्ये पितळेचा एवढासा तुकडा होता. लिंबाने घासलेला, चकचकीत.

मी उठले, गॅलरीत जाऊन खोक्यातून भिंग काढलं आणि आकडा वाचला. नव्या पुडीवरचा आकडा यादीच्या कागदाला टाचून ठेवला होता. दोन्ही एक नव्हते. इंजिन जुनं आहे, झिजलंय, म्हणून त्याने कधीतरी गाडीच्या पुस्तकातला नेहमीचा जेट काढून हा घातला असणार. तसं करताना मला सांगितलंही असेल. मी तेव्हा त्याच्याकडे बघत असेन.

ताईला फोन केला. "फुलवातींच्या डब्यात काही ठेवलं होतंस का?"

"ते होय! डबा धुताना तळाशी सापडलं. मला वाटलं उदबत्तीच्या घराचं निघालं असेल, मधे भोक होतं ना. देवाचं पितळ, म्हणून देवाजवळ ठेवलं. का गं?"

"काही नाही. सापडलं."

"बघ, मी म्हटलं नव्हतं? मी काही टाकत नाही."

मी जेट ट्यूबलाइटकडे धरला. गोल होतं. मग मी खाली बसले, देवांच्या शेजारी, त्या पसाऱ्यात, आणि पुष्कळ वेळ रडले. तो गेला तेव्हा करायची कामं फार होती, तेव्हा इतकं रडता आलं नव्हतं. ती चुकणारी पायरी खरी होती. मी बरोबर ऐकलं होतं, आणि हे ज्याला सांगायचं तो नव्हता.

दादांना फोन केला की पुन्हा येते आहे. त्यांनी का म्हणून विचारलं नाही. "या," म्हणाले, "फाटक उघडं ठेवतो."

या वेळी मी डबाही नेला. अंगणात वर्तमानपत्र अंथरून कार्बोरेटर उतरवला, खालचं भांडं सोडलं, निघतील ते भाग वाट्यांत ठेवले. नावाशी अंगठा टेकवून मोजलं. गरज नव्हती, मला चांगलं दिसतं. नवा जेट काढून जुना घातला, पुन्हा सगळं बसवलं. स्टूल दादांनी आपणहून नेहमीच्या जागी आणलं. मी ते तिथेच राहू दिलं, रिकामं, आणि तिकडे बघितलं नाही.

दादांनी किक मारली. मी स्क्रू फिरवला. थोडं उघडलं, ठोके जलद झाले. मागे घेतलं. अजून मागे. मग केसभर पुढे. पायरी चुकली नाही. मी वाट बघितली, तरी चुकली नाही. एकामागून एक ठोके पडत राहिले, सगळे एका उंचीचे, आणि अंगणातला आवाज मोठा असूनही शांत झाल्यासारखा वाटला. हे तो ऐकायचा तर.

मी हात वर केला.

"बोशलं?" दादांनी विचारलं.

"बसलं."

त्यांचा हात किल्लीकडे गेला आणि तिथेच थांबला. पुढचे शब्द कुणाचे ते त्यांना माहीत होतं. ते माझ्याकडे बघत राहिले. इंजिन चालू होतं, पेट्रोल जळत होतं, आणि तो असता तर आत्तापर्यंत ओरडला असता. स्क्रू-ड्रायव्हर मी अजून खाचेत धरून ठेवला होता. दादांची सून दारात येऊन उभी राहिली.

"बंद करा, दादा," मी म्हणाले. पण जरा वेळाने.